शेवंतीची वही : पोट उघडलेल्या घोडीपासून शिंगरू

3 डिसेंबर 2023

शेवंतीला येत्या उन्हाळ्यात भरवायची (नराकडून गाभण करून घ्यायची) की नाही, यावर घरात रोज बोलणं होतं आणि रोज ते अर्धवट राहतं. म्हणून आजपासून वही. जे तपासू, जे दिसेल, ते तारखेसह इथे लिहायचं आणि निर्णय त्यावरूनच करायचा.

घोडी मारवाडी, कुमैत (तांबूस-तपकिरी), नऊ वर्षांची. पट्टीने वजन 370 किलोच्या आसपास. 2021 मध्ये एक शिंगरू सुखरूप झालेलं. जुलै 2023 मध्ये पोटशूळ उठला, औषधांनी उतरला नाही, आणि पोट उघडावं लागलं.

दवाखान्याचा कागद आज सावकाश वाचला. मोठ्या आतड्याचा डावा भाग वर सरकून प्लीहा आणि डावं मूत्रपिंड यांच्यामधल्या पडद्यावर अडकला होता. आतड्याला पीळ नव्हता, रंग गुलाबी होता, कुठला तुकडा कापून काढावा लागला नाही. आतडं जागेवर आणलं, एका वळणाशी छेद घेऊन साचलेलं बाहेर काढलं, धुतलं, शिवलं. छोटं आतडं तपासून तसंच आत ठेवलं.

आमच्या निर्णयाचा अर्धा भाग या चार ओळींत आहे. छोट्या आतड्याचा तुकडा कापून टोकं जोडली असती, तर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटण्याची धास्ती मोठी असती. गर्भाशय वाढत जाऊन सगळं पुढे ढकलू लागलं की अशा चिकटलेल्या जागा ताणतात. तसं असतं तर मी भरवण्याचा विषयच काढला नसता. 'पोटाचं ऑपरेशन झालंय' एवढ्यावरून कुणी हो किंवा नाही म्हणत असेल, तर त्याने आधी हा कागद मागायला हवा.

याच कागदावर दोन गोष्टी काळजीच्या आहेत. एक, हा अडकण्याचा प्रकार पुन्हा होऊ शकतो. दुसरी, जखमेच्या मागच्या टोकातून काही आठवडे पाणी आणि पू येत होता. जखम अशी पिकली की पुढे तिथे आंत्रगळ होण्याची शक्यता वाढते.

17 डिसेंबर 2023

डॉक्टर आले. शेवंतीला उभी करून पोटाखाली बसलो.

टाका बेंबीच्या थोडा मागून सुरू होतो आणि छातीकडे सव्वा वीत जातो. त्यावर आलेले केस पांढरे आहेत, कुमैत अंगावर लांबून रेघ दिसते. हाताला आधी टणक कड लागते, बोट पुढे सरकवलं की दोन्ही बाजूंनी सारखी. मागच्या टोकाशी, जिथून पू आला होता, तिथे अंगठ्याएवढ्या जागेत ती कड मऊ पडते. दाबल्यावर घोडी हलली नाही, पण बोट किंचित आत जातं.

मग सोनोग्राफी. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचे पडदे पोटाच्या मध्यावर एका पांढऱ्या पट्टीत एकत्र येतात. तीच पट्टी कापून पोट उघडतात आणि तिच्यावरच पुढे सगळा भार येतो. ती पट्टी बहुतेक सगळीकडे जाड आणि सलग दिसली. मऊ जागेपाशी पातळ आहे, रुंदी 2.4 सेंटीमीटर. आतडं तिथे शिरलेलं नाही, कडेला चिकटलेलंही नाही. आतडी पडद्याखालून मोकळी सरकताना दिसली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, हे भोक नाही, पातळ जागा आहे. पण हा आकडा लिहून ठेवा. वाढला तर ती तुम्हाला आधी इथेच सांगेल."

शिंगराचं जन्माचं वजन साधारण घोडीच्या वजनाच्या एक दशांश असतं. शिवाय वार, पाणी आणि वाढलेलं गर्भाशय. यातला बराचसा भार शेवटच्या तीन महिन्यांत येतो. म्हणजे आज ही पट्टी धरून आहे याचा अर्थ गाभणपणाच्या त्या शेवटच्या महिन्यांत धरेलच असा नाही, पण भरवायला नाही म्हणण्याइतकं काही आज सापडलं नाही.

29 डिसेंबर 2023

सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलो. दत्तजयंतीला यात्रा सुरू झाली, तापीकाठी घोडेच घोडे. आम्ही घ्यायला गेलो नव्हतो, नर पाहायला आणि जाणत्या लोकांशी बोलायला गेलो होतो.

मतं दोन टोकांची. एक जुने व्यापारी म्हणाले, "शिलाई मारलेली घोडी कशाला भरवता? टांग्याला, लग्नाला वापरा." दुसऱ्यांच्या मते, दहा घोड्या अशा विताना पाहिल्या, काही होत नाही. दोघांनाही मी विचारलं की त्या घोड्यांचं आतडं कुठलं होतं, किती कापलं होतं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. पहिल्यांचा राग मात्र मला समजतो. त्यांच्या तरुणपणी पोटशुळाची घोडी ऑपरेशनपर्यंत पोचायचीच नाही, पागेत लोळून मरायची. त्यांनी पाहिलं ते मरणच.

नर पसंत केला तो आमच्यापासून गाडीने तीन तासांवरच्या पागेतला. उंच नाही, छाती भरलेली, स्वभावाने शांत. त्याची शिंगरं मध्यम बांध्याची होतात हे मला महत्त्वाचं वाटलं. रिंगणात उठून दिसणारा थोराड नर शेवंतीसाठी नको. शिंगराचा आकार ठरवण्यात आईच्या गर्भाशयाचा वाटा मोठा असतो हे खरं, तरी उगाच जोखीम घ्यायची नाही.

21 जानेवारी 2024

पोट शांत राहिलं तरच पुढचं सगळं. म्हणून या महिन्यात फक्त चारा-पाणी-दात.

दात घासून घेतले. मागच्या दाढांना आतून धारा होत्या, त्यामुळे कडबा नीट चावला जात नव्हता. अर्धवट चावलेला ज्वारीचा कडबा आतड्यात अडकतो. आता कडबा कुट्टी करून, पाण्याचा हबका मारून. त्यासोबत वाळलेलं गवत दिवसभर जाळीत, थोडं थोडं. दाणा कमी केला : जव आणि ओट मिळून दीड किलो, तीन वेळांत वाटून. लसूण घास मुठीमुठीने, कारण तो जास्त झाला की पोट फुगतं. उसाचं वाढं पूर्ण बंद. गोठ्यातल्या गाईंना चालतं ते पागेत चालेलच असं नाही, हे नवीन गड्याला पुन्हा समजावून सांगितलं. कोंबड्यांचं आणि गुरांचं तयार खाद्यही घोड्याच्या तोंडाजवळ जाऊ द्यायचं नाही, काहींत मोनेन्सिन असतं आणि ते घोड्याच्या हृदयाला विष आहे.

खडे मीठ गव्हाणीत. पाण्याची टाकी रोज घासायची. लिदीची तपासणी करून मगच जंताचं औषध दिलं.

मामा (आमचे मोतद्दार, माझ्या जन्माआधीपासून या पागेत) रोज सकाळी लीद किती वेळा पडली ते भिंतीवर खडूने लिहितात. माझ्या वहीपेक्षा ती भिंत जास्त कामाची आहे.

18 फेब्रुवारी 2024

गर्भाशयाची तपासणी. ऑपरेशनच्या काळजीत ही बाजू मागे पडायला नको होती. घोडी गाभण राहत नाही किंवा गाभ टाकते, याचं कारण पुष्कळदा गर्भाशयातच असतं, टाक्याचा त्याच्याशी संबंध नसतो. स्वॅब घेतला, पेशी तपासल्या, जंतू वाढतात का पाहिलं. स्वच्छ निघालं. योनीची ठेवण चांगली, मागे टाके घालायची गरज नाही. आतून हात घालून डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय चाचपले, कुठेही ओढ किंवा चिकटलेलं जाणवलं नाही.

दुसरा मार्गही बोललो : शेवंतीचा भ्रूण काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवायचा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रात 2023 मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू झालं, त्याचं नाव राज-प्रथमा. म्हणजे आपल्या जातीत हे होतं, कल्पना राहिलेली नाही. पद्धत अशी की भरवल्यावर सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय धुऊन भ्रूण मिळवायचा आणि जवळपास त्याच वेळी अंडं सुटलेल्या दुसऱ्या घोडीत ठेवायचा. पट्टीची रुंदी याच्या दुप्पट निघाली असती, किंवा छोटं आतडं कापलेलं असतं, तर मी हाच मार्ग धरला असता. थरोब्रेडवाल्यांना (शर्यतीच्या घोड्यांची जात) तो मार्गच नाही, त्यांच्या वंशनोंदणीत फक्त नैसर्गिक लागणीचं, म्हणजे नराने प्रत्यक्ष भरवलेलं आणि त्याच घोडीच्या पोटात वाढलेलं शिंगरू चालतं.

शेवंतीची भिंत आज जशी आहे, त्यावर डॉक्टरांचं मत : ती स्वतः वाढवू शकेल. माझंही तेच. ऑपरेशनला सात महिने होत आले, एप्रिलमध्ये नऊ होतील. पट्टीला मूळची ताकद यायला दोन-तीन महिने पुरतात म्हणतात, पण जखम पिकलेल्या घोडीला मी जास्त वेळ देणार.

नराचा आणि शेवंतीचा ग्लँडर्सचा (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ततपास पाठवला. अहवाल हातात आल्याशिवाय गाडी हलणार नाही.

19 मार्च 2024

काल अंडं सुटलं. हा माज मुद्दाम सोडला. चक्र नीट मोजायचं होतं, आता पुढचा माज कधी ते पक्कं सांगता येईल. साधारण 21 दिवसांचा हिशेब.

8 एप्रिल 2024

सहा तारखेला नराच्या पागेवर पोचलो. गाडीत आमचंच गवत, आमचीच कुट्टी, पिंपांत आमचंच पाणी. प्रवास आणि चाऱ्यातला बदल एकाच दिवशी आला की पोट बिघडतं, आणि हिचं पोट बिघडणं म्हणजे थेट जुनी जागा. वाटेत दोनदा थांबून पाणी दाखवलं. दुसऱ्या वेळी प्यायली.

पोचल्यावर सोनोग्राफी : उजव्या अंडाशयावर अंड्याचा 38 मिलिमीटरचा फुगा, गर्भाशयाला माजाची सूज. अंडं सुटायचं इंजेक्शन दिलं, त्याने साधारण दीड दिवसात सुटतं. म्हणजे एकाच लागणीत काम, घोडीला पुन्हा पुन्हा धरावं लागत नाही. सात तारखेला संध्याकाळी लागण. शेपूट बांधलं, मागचा भाग कोमट पाण्याने धुतला. नर शांत, शेवंती त्याहून शांत. पुष्कळांना वाटतं नराचा भार टाक्यावर येतो. तो पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर येतो. पोटाची परीक्षा अजून दहा महिने लांब आहे.

आज सकाळी अंडं सुटलेलं दिसलं. उद्या पाडवा, घरी जाऊन गुढी उभारू.

23 एप्रिल 2024

पंधरावा दिवस. पडद्यावर काळा गोल ठिपका, 21 मिलिमीटर. एकच आहे ना, म्हणून डॉक्टरांनी गर्भाशयाची दोन्ही शिंगं (दोन बाजूंचे फाटे) टोकापासून टोकापर्यंत पुन्हा पाहिली. जुळं असतं तर आजच एक दाबून काढावं लागलं असतं. सोळाव्या दिवसाच्या आसपास भ्रूण एका जागी स्थिरावतो, मग दोन शेजारी असतील तर वेगळे करणं अवघड. कुठल्याही घोडीला जुळं धोक्याचं, हिला तर नकोच.

एकच आहे. शेवंती फळली.

5 मे 2024

हृदयाचा ठोका दिसला. ऊन फार, पाणी दिवसाला 40 लिटरपर्यंत पिते आहे. टाका तसाच.

14 जुलै 2024

पाऊस चांगला. शेजारच्या रानात कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) गुडघ्याएवढं झालंय आणि शेजारी प्रेमाने पेंढी आणून टाकतात. आज त्यांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, हात जोडून सांगितलं की शेवंतीला नको. कोवळ्या ज्वारीत विष चढतं हे गुरांमुळे सगळ्यांना माहीत आहे. घोड्यांत आणखी एक प्रकार आहे : हिरवी ज्वारी खाऊन मूत्राशय सुजतं, मागचे पाय लडखडतात, आणि गाभण घोडीने खाल्ली तर शिंगरू आखडलेल्या सांध्यांचं जन्मू शकतं. चांगला वाळलेला कडबा चालतो, हिरवं नको. शेजारी म्हणाले, "आमच्या आजोबांनी कधी सांगितलं नाही." आजोबांकडे बैल होते.

2 सप्टेंबर 2024

पोळा. बैलांच्या मिरवणुकीच्या वाजंत्रीपासून शेवंतीला मागच्या पागेत हलवलं. हर्पिसच्या लसीचा पहिला डोस याच आठवड्यात, पुढचे सातव्या आणि नवव्या महिन्यात. या विषाणूने उशिराच्या महिन्यांत गाभ पडतो. पागेत येणाऱ्या पाहुण्या घोड्यांना शेवंतीच्या बाजूला आता प्रवेश नाही.

10 नोव्हेंबर 2024

सात महिने झाले. पोट खाली उतरू लागलंय. पातळ जागा आज 2.6 सेंटीमीटर. डिसेंबरात 2.4 होती. दोन मिलिमीटर मोजण्यातलाही फरक असू शकतो, तरी आतापासून दर महिन्याला मोजायचं. मऊपणा तेवढाच, आतडं आत शिरलेलं नाही.

दिवाळीत घरात मनुष्यबळ कमी होतं, पण लिदीची नोंद एक दिवस चुकली नाही.

12 जानेवारी 2025

काल रात्रीची नोंद सविस्तर लिहिते आहे, कारण याच रात्रीची धास्ती होती.

साडेदहाला मामांचा आवाज आला, "ताई, शेवंती कुशीकडं बघतीय." गेले तेव्हा ती उभी होती, वरचा ओठ उचलत होती, पुढच्या पायाने पेंढा उकरत होती. मग बसली, पुन्हा उठली. लोळली नाही. नाडी 48. हिरड्या गुलाबी, दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत. उजव्या बाजूला पोटाचे आवाज होते, डाव्या वरच्या बाजूला जवळजवळ गप्प. संध्याकाळपासून लीद एकदाच, कोरडी, लहान गोळ्यांची.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वेदनेचं इंजेक्शन ते येईपर्यंत देऊ नका असं सांगितलं, कारण दुखणं झाकलं गेलं की खरी स्थिती कळत नाही. चारा काढला. सावकाश फिरवत राहिलो.

नऊ महिन्यांच्या गाभण घोडीला असं दुखलं की दोन शक्यता एकदम समोर येतात. गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो, तो याच काळात पडतो आणि सुरुवातीला साधा पोटशूळच वाटतो. किंवा आतडं पुन्हा त्याच जागी अडकलेलं. अडकलेल्या आतड्यासाठी भूल देऊन घोडीला लोळवण्याचा एक उपाय असतो, तो या दिवसांत करता येत नाही. आणि पुन्हा पोट उघडायचं, तर भूलेत आईच्या रक्तातला प्राणवायू कमी झाला की शिंगराच्या जिवावर येतं.

डॉक्टर एक वाजायच्या सुमारास पोचले. आधी आतून हात. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरणारे पडदे चाचपले, दोन्ही सैल, सारखे. पीळ नाही. मग डाव्या कुशीवर सोनोग्राफी. हे मला त्यांनी ऑपरेशननंतरच शिकवलं होतं : शेवटच्या बरगड्यांपाशी प्लीहा दिसते, तिच्या मागे डावं मूत्रपिंड. आतडं मध्ये येऊन अडकलं, तर त्यातल्या हवेमुळे मूत्रपिंड दिसेनासं होतं, पडद्यावर नुसती पांढरी भिंत येते.

त्यांनी यंत्र थोडं वर सरकवलं. प्लीहेची करडी कड आली आणि तिला लागून मूत्रपिंडाचा गोल, स्वच्छ. मामांना काय दिसलं ते कळलं नसेल, पण डॉक्टरांचा चेहरा त्यांनी वाचला आणि भिंतीला टेकून बसले.

मग यंत्र पोटाखाली फिरवलं. शिंगराच्या हृदयाचा ठोका नीट, हालचालही होती. टाक्याची पातळ जागा 2.7, आत काही नाही. नाकातून नळी घालून कोमट पाणी आणि क्षार दिले, मग वेदनेचं इंजेक्शन. पहाटे पाचला पहिली लीद पडली, सहाला दुसरी, ओली.

कारण बहुधा थंडी. तीन दिवस पारा उतरलाय आणि गार पाणी ती कमी पिते. आजपासून रात्री कोमट पाणी, त्यात मूठभर कोंडा आणि मीठ, आणि पिंपावर किती प्यायली त्याची खूण.

9 फेब्रुवारी 2025

कासेच्या पुढे पोटाखाली सूज उतरली, बोटाने दाबलं की खड्डा राहतो. उशिराच्या महिन्यात बऱ्याच घोड्यांना येते, चालवलं की उतरते. ही सूज दुखरी झाली, झपाट्याने वाढली किंवा सडातून रक्तमिश्रित पाणी आलं, तर पोटाची भिंत किंवा तिला कंबरेच्या हाडाशी धरणारी कंडरा तुटत असल्याचं लक्षण. हे कागदावर लिहून पागेच्या दारावर चिकटवलं, रात्रीच्या गड्यालाही वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात.

जीनगराकडून कॅनव्हास आणि नमद्याचा रुंद पट्टा शिवून घेतला. पाठीवर दोन जाड गाद्या, खाली चार बकलं. दिवसा घालतो, रात्री काढतो, काढल्यावर कातडी लाल झाली का पाहतो. शेवंतीने पहिल्या दिवशी त्याच्याकडे वळून वळून पाहिलं, आता घालताना स्वतःहून उभी राहते.

धनुर्वाताची लस झाली. रात्रपाळ्या ठरवल्या : मामा, मी आणि धाकटा दीर. जवळच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं, मार्च महिनाभर घोड्याची गाडी लांबच्या भाड्याला न्यायची नाही. नेमकं कुठल्या दवाखान्यात न्यायचं, कुणाला फोन करायचा आणि जिवावर आलं तर आधी घोडी वाचवायची, हेही आज घरात सगळ्यांसमोर बोलून ठरवलं. सासऱ्यांना ते बोलणं अशुभ वाटलं. मला वाटतं ते दिवसाउजेडी बोलून ठेवायलाच हवं.

13 मार्च 2025

होळी. कास भरली, पुठ्ठे सैल पडले. संध्याकाळी सडातून थेंबभर काढून पट्टीने तपासतो. आठवड्यापूर्वी पीएच 7.4 होता, आज 6.8. तो साडेसहाच्या खाली आला आणि कॅल्शियम चढलं की एक-दोन दिवसांवर आलं समजायचं. धूर येऊ नये म्हणून वाडीतली होळी यंदा ओढ्यापलीकडे पेटवली, मुलांनीच जागा बदलली.

17 मार्च 2025

काल संध्याकाळी पीएच 6.3. सडांवर मेणाचे थेंब. पट्टा काढून ठेवला. डॉक्टरांना कळवलं, ते रात्री पागेतच झोपले. टाका नसता तर एवढं केलं नसतं. हिला जोर काढायला फार वेळ द्यायचा नाही, हे आधीच ठरलेलं.

2 वाजून 10 मिनिटांनी पाणमोट फुटली. घोडी आडवी झाली. पांढरी पिशवी दिसली, आणि ती पांढरी आहे हे मी मोठ्याने म्हटलं. लाल मखमली पिशवी आधी आली, तर वार आतून सुटलेली असते, शिंगरू गुदमरतं, ती तत्काळ फाडावी लागते. एक खूर, थोड्या मागे दुसरा, मग नाक. सगळं सरळ. खांदे आले तेव्हा डॉक्टर आणि मामांनी तिच्या कळेबरोबर, खालच्या दिशेने, हलक्या हाताने ओढलं. कळ थांबली की हातही थांबत होते. 2 वाजून 29 मिनिटांनी शिंगरू पेंढ्यावर.

शिंगी आहे, म्हणजे मादी. कुमैत, कपाळावर टिळा, मागचे दोन्ही पाय पांढरे.

नाळ आपोआप तुटू दिली, बेंबी जंतुनाशकात बुडवली. तासाच्या आत उभी राहिली, पहिल्या तीन प्रयत्नांत पडली, चौथ्याला भिंतीचा आधार घेतला. चारच्या आधी सडाला लागली. वार पाऊण तासात पडली, पसरून पाहिली, दोन्ही शिंगांची टोकं शाबूत. शिंगीचं वजन काट्यावर 36 किलो.

शेवंतीला साडेचारला कळा आल्या. गर्भाशय आवळतं तेव्हा येतात, तरी आम्ही तिघंही उभे राहिलो. नाडी 50, मग 44. पाचला लीद. उजाडल्यावर टाका तपासला : मऊ जागा तशीच, सूज नाही, दुखरी नाही.

18 मार्च 2025

शिंगीच्या रक्तात चिकातली प्रतिकारद्रव्यं पुरेशी उतरली, डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर. तिचा काळा मळही काल निघून गेला.

खरा पहारा आता शेवंतीसाठी. गर्भाशय रिकामं झालं की पोटात एकदम जागा होते आणि मोठं आतडं हलायला मोकळं होतं. व्याल्यानंतरच्या तीन महिन्यांत मोठ्या आतड्याला पीळ पडण्याचं प्रमाण घोड्यांत जास्त असतं, आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो. दूध वाढतं म्हणून लोक याच वेळी दाणा एकदम दुप्पट करतात. आम्ही दर चार-पाच दिवसांनी पाव किलो वाढवणार, गवत कधीच तोडणार नाही.

26 मार्च 2025

व्याल्यानंतरचा पहिला माज. नराच्या मालकांचा फोन आला, लगेच आणा म्हणाले. नाही म्हटलं. गर्भाशय पूर्ववत व्हायचं आहे, पोटाची भिंत ताणातून नुकती सुटली आहे आणि अंगावर पिणारं शिंगरू आहे. ज्यांच्या घोड्या धडधाकट आहेत त्यांनी हा माज धरावा, त्यात गैर काही नाही. शेवंतीसाठी नको.

15 जून 2025

तीन महिने पूर्ण. एप्रिलअखेर एकदा थोडी फुगली होती, तेवढंच. डाव्या कुशीवर मूत्रपिंड नीट दिसतं. पातळ जागा 2.5 सेंटीमीटर, म्हणजे गाभणपणात ताणलेली थोडी मागे आली. शिंगी 100 किलोच्या पुढे, आईच्या तोबऱ्यात तोंड घालते.

पुढच्या वेळी काय, यावर डॉक्टरांशी बोलणं झालं. 2026 ला भरवायची झाली तर भ्रूण प्रत्यारोपणाची चौकशी आधीपासून करायची. ते जमलं नाही आणि भिंत इतकीच राहिली, तर आणखी एकदाच स्वतः वाढवू द्यायचं, त्यानंतर नाही. वय तोवर बाराच्या पुढे जाईल आणि जानेवारीतली रात्र तिला दर वर्षी दाखवायची माझी तयारी नाही.

पाऊस सुरू झाला. शेजाऱ्यांनी यंदा बांधाकडच्या रानात कडवळाऐवजी मका पेरलाय, मुद्दाम सांगायला आले होते. पुढची सोनोग्राफी दसऱ्यानंतर.